सोडणारा करंट

केवळराम कोणालाही फळीजवळ बसू देण्याआधी डावा हात पाठीमागे घ्यायला लावायचा. कमरेशी, धोतराच्या गाठीवर. मग उजव्या हातात तार द्यायचा. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा म्हटलं, "अरे, हा नऊचा चौकोनी सेल. यानं कोंबडं पन मरत नाई."

"सेलसाठी नाई सांगत," तो म्हणाला. "दोनी हात लागले तं करंट छातीतून जाते. सवय सेलवरच लागते. मोठ्या करंटवर सवय लावाले टाइम भेटत नाई."

घेतला मी हात मागे. नातवंडं झालेला माणूस, घरापुढच्या सपरीत हात मागे बांधून बसलेला. पाण्याला जाणाऱ्या बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. हसू दिलं.

आमचं गाव कुरखेड्याच्या अंगाला. शेवटची घरं संपली की बांध्या, म्हणजे धानाची खाचरं; बांध्या संपल्या की जंगल. केवळरामाचं घर गल्लीत पहिलं, माझं मधे. धानाची थोडी शेती होती, पण त्याचा खरा धंदा कवेलू, म्हणजे कौलं, फेरण्याचा. उन्हाळ्यात लोक त्याला बोलवायचे, तो छपरावर चढून फुटके कवेलू काढायचा, चांगले पुन्हा रचायचा. मग घरांवर टिना आल्या, स्लॅब आले, काम सरलं. बोटं मात्र तशीच राहिली, जाड, टोकाला फुटलेली. त्या बोटांनी तो मोहरीएवढा सर्किटचा भाग चिमटीत धरायचा तेव्हा पाहणाऱ्याचा श्वास अडकायचा.

फळी म्हणजे कोठ्याचं, गुरांच्या गोठ्याचं, जुनं दार. दोन ड्रमांवर आडवं टाकलेलं. त्यावर उलटे ठेवलेले कवेलू रांगेत, आणि त्या पन्हाळीत भाग वेगवेगळे केलेले. कुरखेड्याचा टीव्हीवाला मेकॅनिक जळलेल्या सर्किटच्या पाट्या फेकून द्यायचा. हा पोतं घेऊन जायचा, घरी आणून सोल्डरिंगच्या सळईनं एकेक भाग सोडवायचा. शिकला मोबाइलवर पाहून. हिंदीत सांगणारा कोणी पोरगा होता त्यात. केवळराम त्याला सर म्हणायचा. व्हिडिओ थांबवायचा, तारा जोडायचा, पुन्हा चालू करायचा. "सर, थोडं थांबा," असंही म्हणायचा मोबाइलला.

त्याची बायको यमुनाबाई मला म्हणायची, "भाऊजी, या माणसानं ताट ठेवाले जागा ठेवली नाई. उद्या भाजीत कॅपॅसिटर निघन."

"निघाला तं फेकू नको," केवळराम आतून म्हणायचा.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. गावात सगळ्यांना माहीत आहे, तोंडानं कोणी बोलत नाही.

आमच्याकडे धान भरलं की रानडुकरं येतात. एका रात्रीत बांधी लोळवून टाकतात. म्हणून लोक बांधीभोवती तार ओढायचे, आणि पंपाच्या लाइनवर आकडा टाकून त्या तारेत करंट सोडायचे. डुक्कर मरायचं. कधी बैल मरायचा. केवळरामाचा मुलगा विलास असाच गेला. कॉलेजला होता, दिवाळीला घरी आला होता, पहाटे बांध्यांकडे गेला. पंचनाम्यात गाव म्हणालं, लाइनच्या पोलापाशी सापडला, पोलात करंट उतरला असेल. पोलाच्या बाजूची बांधी डोमाजीची. डोमाजी गल्लीतच राहतो. त्याच्या तारेबद्दल कोणी बोललं नाही, कारण तार कोणाची नव्हती? केवळरामाच्या स्वतःच्या बांधीलाही त्या साली होती. त्यानं डोमाजीकडे बोट दाखवलं नाही, पोलाकडेही नाही.

एक हंगाम गावात कोणी तार लावली नाही. दुसऱ्या हंगामाला पुन्हा लागल्या.

त्यानंतर त्यानं कोठ्याचं दार काढलं आणि ड्रमांवर टाकलं.

मी शिकायला गेलो नव्हतो. शेती मुलगा पाहतो, घरी मला कोणी काम सांगत नाही, म्हणून बसायला गेलो. माझी शाळा चौथीची. पण तुला समजत नाही असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. केवळराम तसं म्हणाला नाही. त्यानं एक भाग हातात दिला आणि विचारलं, "सोमा, बांधीत पानी कसा खेळवतोस?"

त्याला सगळं पाण्यात समजायचं. रेझिस्टर म्हणजे धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पाडलेली लहान मोरी, पाणी जाईल पण बेतानं जाईल. कॅपॅसिटर म्हणजे बोडी. शेतातल्या लहान तळ्याला आम्ही बोडी म्हणतो. भरते, धरून ठेवते, फोडली की एकदम वाहते. ट्रान्झिस्टर म्हणजे तुडूम, तलावाचं पाणी सोडायचं दार, लहान हातानं मोठं पाणी सोडता येतं. हे त्याच्या मोबाइलवाल्या सरांनी सांगितलेलं नव्हतं. हे त्याचं.

रेझिस्टरवरच्या रंगाच्या पट्ट्यांचे आकडे आमच्या गल्लीच्या घरांवर बसवले होते त्यानं. तपकिरी एक, पतरूचं घर. लाल दोन, आंगणवाडीच्या बाईचं. पिवळा चार, माझं. जांभळा सात, डोमाजीचं. "पिवळा, जांभळा, लाल," मी वाचायचो. तो म्हणायचा, "म्हंजे तू, डोमाजी, मंग मागं दोन शून्य." काळा म्हणजे शून्य. ते घर त्याचं स्वतःचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुह्या घराले शून्य काऊन?" तो म्हणाला, "कोनाले तरी द्याचाच होता."

माझा पहिला दिवा पेटता पेटेना. भोकांच्या पाटीवर सेल जोडला, रेझिस्टर जोडला, लहान लाल दिवा खोचला, अंधार. मी म्हटलं, "दिवा खराब हाय." तो म्हणाला, "असन." दुसरा दिला. तोही पेटला नाही. मी म्हटलं, "तुह्या कवेलूतले सारेच सडले." तो म्हणाला, "असन." उठून जेवायला गेला. जेवून आला, पान लावलं, खाल्लं. मी तिथंच. तिसरा दिवा दिला. तोही नाही. यमुनाबाई दारात उभी राहून पाहत होती. तिला राहवलं नाही. "भाऊजी, त्याचा लांब पाय कोन्या बाजूले हाय ते पाहा ना."

मी तिन्ही उलटे लावले होते.

"तुले माहीत होता?" मी केवळरामाला विचारलं.

"होता."

"मंग सांगितला काऊन नाई?"

"तू आयकला असतास?"

आता, नसतं ऐकलं. ते खरं आहे. दिवा सरळ लावला, पेटला. यमुनाबाई आत गेली. मी तो दिवा बराच वेळ पाहत बसलो. हे मी घरी कोणाला सांगितलं नाही.

एकदा आमचं मोडलं. त्या दिवशी तो जुना टीव्ही उघडून बसला होता. तार काढून ठेवली होती, म्हणून मी बिनधास्त आत बोट घातलं. त्यानं सळईच्या लाकडी मुठीनं माझ्या हातावर मारलं. जोरात. पोरांदेखत. "मेलेल्या टीव्हीतपन करंट रायते!" ओरडला. तेवढं एकदाच मी त्याला ओरडताना ऐकलं. मी उठून निघून आलो. मला माझ्या बापानंही मिशा आल्यावर हात लावला नव्हता. मी तिकडून जाणंच सोडलं. पाण्याला जायचं तर मागच्या बाजूनं. तो बोलवायला आला नाही, मी गेलो नाही. धानाला लोंब आली, तरी नाही. मग एका सकाळी बाहेर पडलो तर माझं बसायचं स्टूल त्यानं सपरीच्या पायरीवर ठेवलेलं, माझ्या घराकडे तोंड करून. मी जाऊन बसलो. त्यानं टीव्हीतला मोठा कॅपॅसिटर, म्हणजे भरलेली बोडी, फळीवर ठेवला आणि पेचकस त्याच्या दोन पायांना भिडवला. काडकन ठिणगी उडाली. पेचकसाचं टोक काळं झालं.

"तुहा बोट," तो म्हणाला.

दोघं कामाला लागलो.

मुख्य काम जनावर न मारता पळवणाऱ्या झटका मशीनचं. बाजारात मिळते ती. गावात दोघा-तिघांनी आणली होती, बॅटरी बसली, काहीतरी जळलं, दुरुस्त कोण करेल, म्हणून कोठ्यात टाकली आणि पुन्हा आकडे टाकले. केवळराम म्हणायचा, घरच्या माणसाला दुरुस्त करता येईल अशी पाहिजे. बाराची बॅटरी, आठ पायांची आयसी, मोटरसायकलच्या प्लगची कॉइल. बोडी भरते, फुटते, झटका तारेत जातो. पुन्हा भरेपर्यंत तार मोकळी. त्या मोकळ्या वेळात जनावर मागं हटतं. लाइनचा करंट म्हणजे पूर, तो थांबतच नाही, म्हणून धरून ठेवतो.

तयार झालेली प्रत्येक मशीन आधी तो स्वतःच्या हातावर घ्यायचा. तार धरायचा. हात उडायचा, दात वाजायचे.

मी विचारायचो, "कशी लागली?"

"लागली. पन सोडते."

हे एवढंच पाहायचा. जास्त लागली काय, कमी लागली काय, ते नंतर. सोडते की नाही. पहिल्या दोन मशीन त्याला पसंत पडल्या नाहीत, झटके जवळजवळ येत होते. फोडून टाकल्या, भाग पुन्हा कवेलूत.

तिसरी चांगली निघाली त्या दिवशीचं सांगतो. सपरीत खांबाला तार बांधली होती. मशीन टिक्‌ टिक्‌ करत होती. यमुनाबाई भांडी घासून आली. हात पदराला पुसले आणि कोणाला काही न विचारता तारेला बोट लावलं. हात झटकन मागं आला. ती तिथंच उभी राहिली. पुन्हा लावलं. पुन्हा हात उडाला.

"एवढाच?" ती म्हणाली.

केवळरामानं मशीन बंद केली.

"त्याले जास्त लागला असन," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी त्यानं मशीन पुन्हा चालू केली नाही. आम्ही दोघं बसून होतो. फळीवर माशी बसली होती, ती मी पाहत होतो.

पुढं मशीन बांध्यांवर लागल्या. आधी त्याच्या, मग माझ्या, मग पतरूच्या. बिघडली की तो किंवा मी जायचो. मीपण दुरुस्त करू लागलो होतो, हे सांगायला हरकत नाही. एकेक करत गावातले आकडे उतरले. राहिला डोमाजी. केवळरामाच्या मनात पहिल्यापासून तीच बांधी होती. तिथली तार उतरली म्हणजे त्याचं काम झालं, असं तो मानायचा. बोलला नाही कधी, पण दुसऱ्या कोणाची मशीन लावून परत येताना तो त्या बांधीकडे पाहायचा.

चावडीजवळ लोक बसले असताना तो डोमाजीला म्हणाला, "मशीन मी देतो. खांब मी गाडतो. तू फक्त आकडा काढ."

डोमाजी म्हणाला, "आन डुक्कर आला तं मी काय करू?"

"मले बोलाव."

"तू काय करशीन गा? त्याले सर्किट शिकवशीन?"

सगळे हसले. केवळराम थांबला. हसणं संपल्यावर म्हणाला, "आकडा काढ."

डोमाजीनं मान हलवली. पण अट घातली. एक डुक्कर जरी आत आलं, तरी आपली तार पुन्हा लावणार.

मशीन लागली. धान निसवलं, डुक्कर आलं नाही. केवळराम रोज सकाळी विळा घेऊन जायचा आणि तारेखालचं गवत कापायचा. ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, मशीन कमजोर पडते. डोमाजीला हे सांगितलं होतं. पण स्वतःच्या बांधीचं गवत दुसरा कापतो म्हटल्यावर कोण कापेल? मग केवळराम तापानं पडला. मी तेव्हा मुलीकडे चिमूरला गेलो होतो. पाऊस पडून गेला, गवत वाढलं.

मी परतलो, त्याचा ताप उतरला होता. दोघं सकाळी निघालो. बांधीच्या अलीकडेच त्यानं आडवा हात माझ्या छातीवर धरला. मशीनची टिकटिक नव्हती. तारेखाली ससा पडलेला, ताठ. वर पाहिलं तर पंपाच्या लाइनवरून आकडा सरळ आमच्या तारेवर आलेला. मशीन त्याच तारेला जोडलेली. डबीचं प्लास्टिक वितळून खाली लोंबलं होतं.

केवळरामानं कुंपणाचा वाळका बांबू उपसला. डावा हात मागे घेतला. एका हातानं बांबू वर करून आकडा उतरवला.

डोमाजी धुऱ्यावरून येत होता. लांबूनच बोलला, "डुकरं घुसली गा! तुह्या मशीनमंदी दम नव्हता, म्हनून थोडा जोर देल्ला. मशीन काढली नाई मी. मशीन तशीच ठेवली."

त्याला खरंच वाटत होतं की त्यानं मशीनला मदत केली. दोन करंट मिळून एक मोठा होईल.

"कोनाले सांगितला का, तार चालू हाय म्हनून?" केवळरामानं विचारलं.

"सांगनार होतो."

केवळराम डबी उघडून पाहत होता. "कॉइल जळली," मला म्हणाला. मग डोमाजीला म्हणाला, "आकडा आता लावू नको."

"अन डुकरं?"

"मी बसतो."

"कुठी?"

"इथी. कापनी होयेपर्यंत."

डोमाजी माझ्याकडे पाहू लागला.

तो बसला. दिवसभर फळीवर मशीन नव्यानं बांधायचा, संध्याकाळ झाली की घोंगडी आणि रिकामा डबा घेऊन डोमाजीच्या बांधीतल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर. डबा वाजवायचा. यमुनाबाई म्हणाली, "तापातून उठलेला मानूस. अन त्याच बांधीत?" तो म्हणाला, "त्याच." ती भाकर बांधून द्यायची. डोमाजीच्या घरचं पाणीसुद्धा ती घेत नव्हती, पण भाकरी मोजून जास्त बांधू लागली. मी पोहोचवायचो, म्हणून मला माहीत. डोमाजी आधी लांबून पाहून जायचा. मग चहा आणून माळ्याखाली ठेवून जायचा. मग तोही बसू लागला, दुसऱ्या कोपऱ्यात, आपला डबा घेऊन. एक वाजवायचा, थांबायचा, मग दुसरा वाजवायचा.

तो हिवाळा केवळरामाचा गावातला शेवटचा. पुढं छातीत पाणी झालं, त्याच्या लग्न झालेल्या मुलीनं घुग्घुसला नेलं, तिथंच गेला. मी गेलो नाही. जायचं होतं, पण गेलो नाही, त्याचं कारण मला सांगता येत नाही. त्याच्या फळीवर आता मी बसतो. यमुनाबाई चहा आणून ठेवते.

मला तो आठवतो तो कापणीच्या आधीच्या एका सकाळचा. नवी मशीन तयार झाली होती. बॅटरी मी उचलून नेली, ती वजनी होती आणि तो वाकला होता. मशीन खांबाला बांधली, चालू करण्याआधी गवत काढायचं म्हणून तो विळा घेऊन तारेखाली बसला. डोमाजी आला. त्याच्याही हातात विळा होता. तो दुसऱ्या टोकानं कापत येऊ लागला. मी अर्थिंगची सळई ठोकत होतो.

दोघं जवळ आले तसा डोमाजी उभा राहिला. त्या जागी काही नव्हतं, धुऱ्याचा थोडा उंचवटा होता.

"केवळराम."

"हं."

"इथी होता तो. पोलापाशी नाई." त्यानं विळ्यानं पोलाकडे दाखवलं. "आमी उचलून नेला तिकडं."

मी हातातला दगड खाली ठेवला. केवळराम गवताची मूठ धरून कापत होता. ती कापली, बाजूला टाकली, पुढची धरली.

"मालूम हाय," तो म्हणाला. "त्याची एक चप्पल इथीच पडली होती. पोलीस यायच्या आधी मी घरी नेली."

डोमाजी तसाच उभा. विळा हातात लोंबत होता.

केवळरामानं वर पाहिलं नाही. "पाय काढ," म्हणाला, "खाली गवत राह्यला." डोमाजीनं पाय काढला. त्यानं तेवढं कापलं आणि बसल्या बसल्या पुढं सरकला.